सॅक दोघांच्या, ताप एकाला: स्वस्तातल्या भटकंतीत आजारपण (अनुभव धागा)

स्वस्तात कुठे राहायचं, कुठली बस पकडायची यावर पानंच्या पानं लिहून झालीत, पण दोघांतलं एक जण मध्येच आडवं झालं की पुढे काय होतं ते कोणी लिहीत नाही. म्हणून हा धागा काढतेय. आजारी पडलेल्यांनी लिहाच, पण उशाशी बसलेल्यांनी जास्त लिहा, कारण आजारी माणसाला सगळे विचारतात बरं वाटतंय का, दुसरं माणूस जेवलं का हे कोणी विचारत नाही. औषधांचे डोस प्लीज इथे नको, ते डॉक्टरांना विचारा.

सुरुवात मी करते. जुलै २०१७, मनाली ते लेह, शेअर टेम्पो ट्रॅव्हलर, मधली रात्र सरचूला तंबूत. विमान परवडत नव्हतं आणि नवऱ्याने कुठूनतरी ऐकलेलं की रस्त्याने गेलं की उंचीची हळूहळू सवय होते. हळूहळू म्हणजे किती हे दोघांनीही नकाशात पाहिलं नाही. मनाली साधारण २,०५० मीटर, सरचू ४,२०० च्या वर आणि वाटेत बारालाचा खिंड ४,८०० च्याही वर, हे सगळं एका दिवसात! संध्याकाळी हा गप्प झाला. हा माणूस गप्प बसला की काहीतरी बिघडलेलं असतं हे मला माहीत होतं, तरी मी त्याच्या ताटातला राजमा-भातही संपवला, कारण तंबूच्या ९०० रुपयांत जेवण धरलेलं होतं.

रात्री अकराला उलट्या सुरू. डोकं सुतळीने आवळल्यासारखं दुखतंय म्हणाला. ड्रायव्हरला उठवलं, त्याने कापराची पुरचुंडी दिली आणि म्हणाला, "मॅडम, सरचू में फस गये तो आगे भी चढाई, पीछे भी चढाई." खरंच आहे ते. लेहकडे जायचं तर लाचुंग ला, तांगलांग ला या खिंडी, आणि मागे उतरायचं तरी आधी बारालाचा चढायचा. मी निघण्याआधी एक कागद प्रिंट करून घेतला होता, त्यात होतं की माणसाला टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालायला सांगा, तोल जात असेल तर मेंदूवर परिणाम होतोय, एक मिनिट थांबू नका, खाली उतरवा. टॉर्चच्या उजेडात त्याला दहा पावलं चालवलं. चालला. मग मी पहाटेपर्यंत दर तासाला चालवलं, तो शिव्या घालत चालला.

चारला एक टॅक्सी केलाँगला (मनालीच्या बाजूचं, खालचं गाव) परत जाणारी मिळाली. तो म्हणाला साडेतीन हजार. आणि मी घासाघीस केली हो! नवरा दार धरून ओकतोय आणि मी म्हणतेय तीन हजार. तीन हजारांवर ठरलं. ते पाचशे रुपये मला अजून टोचतात. बारालाचा ओलांडला तेव्हा त्याने डोळे उघडले नाहीत, मी फक्त त्याचा श्वास मोजत होते. दारचाला पोचलो, ते ३,३०० च्या आसपास, तिथे हा उठून बसला आणि म्हणाला मॅगी सांग, दोन प्लेट. मी त्या धाब्यातल्या स्टोव्हसमोर उभी राहून रडले, ती बाई घाबरली, तिला वाटलं मॅगी संपली म्हणून रडतेय. केलाँगच्या डॉक्टरांनी बोटाला क्लिप लावून ऑक्सिजन पाहिला, म्हणाले खाली उतरलात हेच औषध होतं. त्या वेळी लेह राहिलं ते राहिलंच.

• उलटीबॅग

माझी केस बरोब्बर उलटी, उतरून बसलो हाच प्रॉब्लेम झाला. मेघालय, नॉन्ग्रियाट, तो झाडाच्या मुळांचा डबल डेकर पूल. टिर्ना गावापासून तीन-साडेतीन हजार पायऱ्या उतरायच्या, गाडी नाही घोडा नाही, प्रत्येक बिस्किटपुडा कोणाच्यातरी पाठीवरून खाली येतो, म्हणून तिथे पाण्याची बाटली महाग, आणि मी शहाणा, झऱ्याचं पाणी प्यायलो. तिसऱ्या दिवशी जुलाब, कळा, ताप, असं सगळं एकदम. होमस्टेवाल्या कोंग (खासीत मोठ्या बाईला असं म्हणतात) मला बिनदुधाचा लाल चहा आणि भाताची पेज देत होत्या, हिंदी त्यांना येईना, खासी आम्हाला येईना, पण पेज सगळीकडे पेजच. आता वर कसं जायचं? माझ्या गर्लफ्रेंडने एक सॅक पाठीवर घेतली, एक पोटावर, आणि मला पुढे घातलं. लोखंडी तारांचे दोन झुलते पूल आहेत मध्ये, तिथे मी मध्यावर खाली बसलो, खाली निळं पाणी आणि पोटात कळ, ती मागून म्हणतेय बस, पण मागे सरकू नकोस. लोक दीड-दोन तासांत चढतात, आम्हाला साडेपाच लागले. अख्ख्या रस्त्यात तिने एकदाही 'मी सांगत होते' म्हटलं नाही. टिर्नाला पोचल्यावर म्हणाली. अर्धा तास सलग.

• किनारा_नको

गोकर्ण. मला १०२ ताप, झोपडीत पंखा नाही, आणि तो म्हणाला "तू झोप, मी जरा कुडले बीचवर जाऊन येतो." सकाळी दहाला गेला, सूर्यास्त बघून आला. येताना माझ्यासाठी शहाळं आणलं होतं हे मान्य, पण ते सोलून आणलेलं आणि अर्धं प्यायलेलं होतं. परतीचं तिकीट माझ्याच फोनवर होतं. बाकी सुज्ञांस सांगणे न लगे.

• म्युन्शेनची_मावशी

माझा आजार थोडा लाजेचा आहे पण लिहिते कारण बऱ्याच मुलींना होतो आणि कारण निव्वळ काटकसर. आम्ही दोघं तेव्हा जर्मनीत शिकत होतो, रात्रीच्या बसने प्राग, व्हिएन्ना, बर्लिन असं फिरत होतो, म्हणजे होस्टेलची एक रात्र वाचते. तिकडे स्टेशनवर, हायवेवर टॉयलेटला पैसे, कुठे पन्नास सेंट कुठे एक युरो, आणि मी डोक्यात रुपयांत हिशोब करणारी, म्हणून दिवसभर पाणीच प्यायचे नाही आणि धरून ठेवायचे. तीन रात्री असं केलं. बर्लिनला उतरलो तो रविवार, आणि मला दर दहा मिनिटांनी जावं लागतंय, आग होतेय, थंडी वाजून ताप. रविवारी तिकडे सगळं बंद, मेडिकलसुद्धा. बॉयफ्रेंडने ११६११७ ला फोन लावला (इमर्जन्सीचा ११२ वेगळा, हा दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर), मोडक्या जर्मनमध्ये माझ्या लघवीचं वर्णन करताना त्याचे कान लाल झालेले मला आठवतात, त्याने तो शब्द वर्गात शिकलेलाच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तपासून चिठ्ठी दिली, एकदाच घ्यायची पावडर. मग मेडिकल. तिथे रविवारी प्रत्येक भागात पाळीने एखादं उघडं असतं आणि बंद मेडिकलच्या दारावर आज कोणाची पाळी ते लावलेलं असतं. आत घेत नाहीत, दारातल्या छोट्या खिडकीतून औषध देतात आणि अडीच युरो जादा लावतात. हा चाळीस मिनिटं चालत गेला नि आला. मी होस्टेलच्या बाथरूमच्या जमिनीवर बसून होते, बाहेर एक ऑस्ट्रेलियन मुलगी दार ठोठावत होती.

वाचवले किती, तर साधारण नऊ युरो.

• नर्मदेहर६२

तुम्हा तरुणांच्यात आम्ही म्हातारे घुसतोय, पण पाठीवर पिशवी आणि खिशात कमी पैसे हा नियम असेल तर आम्हीही बसतो. आमच्या ह्यांच्यासोबत नर्मदा परिक्रमेला निघाले. ओंकारेश्वरहून उचलली, नर्मदामाई उजव्या हाताला ठेवून दक्षिण तटाने चालायचं, आणि परिक्रमा पूर्ण होईपर्यंत माईचं पात्र ओलांडायचं नाही. दुसऱ्याच दिवशी मोरटक्क्याजवळ ह्यांना सणकून ताप. आश्रमात झोपवलं. कोणीतरी म्हणालं मोठा दवाखाना बडवाहला आहे, पुलावरून पलीकडे, दहा मिनिटं. मी रिक्षा बोलवायला निघाले तर हे अंथरुणातून ओरडले, "अगं, परिक्रमा खंडित होईल!" मी म्हटलं, "अहो, तुम्ही खंडित व्हाल त्याचं काय?" आमचं भांडण ऐकायला दहा परिक्रमावासी जमले, निम्मे ह्यांच्या बाजूने. माझ्या बाजूने फक्त आश्रमाचं कुत्रं. शेवटी बाहेरच्या पानवाल्याने तोडगा काढला: माताजी, सनावद तो इसी किनारे पे है. आठ-दहा किलोमीटर, आणि माई ओलांडायची नाही! जीपमध्ये बसल्याने पायी परिक्रमेचं काय होतं यावर हे वाटभर बोलत राहिले, त्यावरून मला कळलं की माणूस बरा होणार. रक्त तपासलं, मलेरिया निघाला. सहा दिवस मुक्काम. बरे झाल्यावर जीपने पुन्हा त्याच आश्रमाच्या दारात सोडायला लावलं आणि तिथूनच पुढचं पाऊल टाकलं. हट्टी.

• दोन_तिकिटं

थोडक्यात लिहितो. थायलंडमधलं चियांग माई, आठ जणांची डॉर्म, बायको वरच्या बंकवर, ताप आणि डोळ्यांच्या मागे दुखणं. मी आमच्या पाऊचमधली आयबुप्रोफेन दिली. डेंग्यू निघाला, आणि डेंग्यूत नेमकं तेच द्यायचं नसतं, रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्या एका गोळीचं ओझं मी अजून वाहतोय, ती विसरली. दुसरी गोष्ट, चौथ्या दिवशी ताप उतरला, आम्ही खुश, स्कूटर बघायला निघणार होतो, तर डॉक्टर म्हणाल्या ताप उतरतो तेव्हाचेच एक-दोन दिवस जपायचे, ॲडमिट व्हा. तीन रात्री. इन्शुरन्स घेतला होता म्हणून वाचलो, तोही मी "उगाच खर्च" म्हणत होतो आणि तिने गपचूप काढला होता. पहिले १०० डॉलर आपले, बाकी त्यांनी भरले. पॉलिसीत डिडक्टिबल नावाची ओळ शोधा.

• चमचाभर_मीठ

वर जुलाबवाल्याला: ओआरएसची पुडी नसेल तर १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ सपाट छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. अंदाजपंचे नको, मीठ जास्त झालं तर उलट त्रास. नेपाळमध्ये ओआरएस म्हटलं की दुकानदार कधी कधी बघत बसतो, "जीवन जल" म्हटलं की लगेच पुडी पुढे करतो. आमच्या पोखऱ्याच्या ट्रिपमध्ये ती पुडी मीच रात्री दोनला शोधत होते, हॉटेलच्या पोऱ्याने स्वतःच्या घरून आणून दिली आणि पैसे घेईना.

• सॅकवाली (धागाकर्ती)

मावशी, ते लाल कान वाचून नवऱ्याला हाक मारून दाखवलं. नर्मदेहर काकू, तुमच्या कुत्र्याला माझं मत.

उलटीबॅगने व्यनित (खाजगी निरोपात) विचारलं की नंतर लेहला गेलात का. गेलो, २०२२ ला, विमानाने, पैसे साठवून. पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं ठरवलेलं. या वेळी डोकं माझं दुखलं. रात्री बाराला जाग आली तर हा पलंगाशेजारी टॉर्च घेऊन उभा, म्हणतोय ऊठ, टाचेला बोटं लावून चालून दाखव.