शब्दचर्चा : ‘राय’ की ‘राई’?

विचारणा
अल्जीरियातल्या ओरान शहरात वाढलेल्या गाण्याच्या प्रकाराचं नाव मराठीत राई, राइ, रै, राय असं चार तऱ्हांनी लिहिलेलं दिसतं. नेमकं काय लिहावं? मूळ अर्थ ‘मत’ असं वाचलं, पण गाण्यात मत कुठून आलं? आणि या प्रकारातल्या खालिद या गायकाच्या ‘दीदी’ गाण्यापलीकडे काही न ऐकलेल्याने पुढे कुठे जावं?

अलिफ-बे
‘राय’ लिहा. अरबीत हे रे-अलिफ-ये असं लिहितात आणि हिंदीतली ‘आपकी क्या राय है’ मधली राय हीच. अरबी ‘रअ्य’ फारसीमार्गे इकडे आला. ‘राई’ लिहिलं की मराठी माणसाला मोहरी किंवा देवराई आठवते. रोमन लिपीत i वर जे दोन टिंब दिसतात ते फ्रेंचांची सोय आहे. टिंब नसतील तर फ्रेंच वाचक a आणि i एकत्र करून ‘रे’ म्हणेल. त्यावरून दीर्घ ई काढायचं कारण नाही.

तसंच Cheb चा उच्चार ‘चेब’ नव्हे, ‘शेब’. फ्रेंच ch म्हणजे श. अर्थ ‘तरुण’. गझलेत भेटणारा ‘शबाब’ याच धातूचा. बाईसाठी ‘शाबा’. आधीच्या पिढीतल्या गायकांना ‘शेख’ आणि गायिकांना ‘शेखा’ म्हणत, म्हणून नव्यांनी शेब लावलं. ते आडनाव नाही, बिरुद आहे. शोधताना हे लक्षात ठेवा : खालिदच्या ऐंशीच्या दशकातल्या ध्वनिफिती ‘शेब खालिद’ नावाने सापडतात, १९९२च्या अल्बमवर मात्र नुसतं ‘खालिद’ आहे.

ठेका
‘मत’ गाण्यात कुठून आलं, त्याबद्दल. ‘राय’ म्हणजे इथे स्वतःची अक्कल, स्वतःचा निर्णय. प्रेमात फसलेली, घर सोडलेली, दारूत बुडालेली व्यक्ती दोष देते तो आपल्याच बुद्धीला : ‘या रायी’, म्हणजे ‘अगं माझ्या मती’. दुसरं काम कारागिरीचं आहे. या गाण्यात ओळी जागच्या जागी जुळवल्या जात. पुढची ओळ सुचेपर्यंत ‘राऽय, या राय’ लांबवून ताल धरून ठेवायचा. शाहिरीत झीलकरी ‘जी जी रं जी’ धरतात तेव्हा शाहिराला जी उसंत मिळते, तीच इथे गाणारा स्वतःची स्वतः मिळवतो. पालुपदाचा शब्दच पुढे प्रकाराचं नाव झाला.

म्हणून नव्याने ऐकताना भाषांतर समोर ठेवण्याआधी ‘राय’ कुठे येतो ते टिपा. त्याच्या आधी ओळ संपते, नंतर नवी सुरू होते. गाण्याची बांधणी तेवढ्यावरून कळू लागते.

अलिफ-बे
या गाण्यांतले आणखी काही शब्द मराठीचे दूरचे नातलग आहेत, आणि तिथेच भाषांतरं चुकतात.

मेहना : आपली ‘मेहनत’. अरबीत मूळ अर्थ यातना, कसोटी. फारसीतून येताना ते कष्ट झाले. राय गाण्यात मेहना म्हणजे प्रेमाची तगमग. ‘तुझी मेहनत’ असं भाषांतर केलं की सगळं बिघडतं.

घोर्बा : परकेपण, परदेशातला एकटेपणा. ‘गरीब’ याच मुळातला, कारण अरबीत गरीब म्हणजे परका, अनोळखी. ‘गरीबगुरबा’मधला गुरबा त्याचंच अनेकवचन. फ्रान्समधल्या अल्जीरियन कामगारवस्त्यांत ही गाणी का रुजली ते या एका शब्दात आहे, दारिद्र्य समजून वाचलं तर ते निसटतं.

गस्बा : तिरकी धरून वाजवायची लांब वेळूची बासरी. अरबी ‘कसबा’ म्हणजे बोरू, वेळू आणि मुख्य वस्तीसुद्धा. पुण्याची कसबा पेठ, अल्जीयर्सचा किल्लेवजा कसबा आणि ही बासरी तिन्ही एकाच शब्दातून निघाली. ओरानच्या ग्रामीण बोलीत ‘क’चा ‘ग’ होतो, म्हणून गस्बा.

‘दीदी’ मात्र नातलग नाही. तिथे बहीण नाही, ‘घेऊन जा’ आहे.

विचारणा
मग ‘या रायाह’ हे गाणं? त्यातही राय आहे ना?

अलिफ-बे
नाही. तो ‘रायिह’, म्हणजे ‘जाणारा’. धातूच वेगळा. ‘अरे निघालेल्या माणसा’ असा अर्थ, आणि लावणीतल्या ‘राया’शीही संबंध नाही. गाणं दहमान अल-हर्राशीचं आणि ते अल्जीयर्सच्या ‘शाबी’ या शहरी लोकगाण्याच्या परंपरेतलं. रशीद ताहाच्या आवाजात ते जगभर गेलं. २६ सप्टेंबर १९९८ला पॅरिसच्या बेर्सी सभागृहात ताहा, खालिद आणि गायक फोदेल एकत्र गायले, तेव्हापासून त्या मैफलीतलं सगळंच ‘राय’ म्हणून ओळखलं जातं.

ठेका
आता ऐकण्याचा क्रम. माझ्या मते उलटं जावं, नव्याकडून जुन्याकडे.

‘दीदी’ची निर्मिती अमेरिकन डॉन वॉझची, त्यामुळे त्यातला बास आणि ड्रम आपल्या कानाला आधीच ओळखीचा आहे. सूर मात्र ओरानचा आहे, आणि नवख्याला ओढ लागते ती या दोहोंच्या मेळामुळे. ‘आयशा’ (१९९६) दुसऱ्या क्रमांकावर घेऊ नका. ते झां-झाक गोल्डमनने लिहिलेलं फ्रेंच पॉप आहे, सुंदर आहे, पण त्यातून राय कळत नाही.

त्यापेक्षा शाबा फदेला आणि शेब सहरावी यांचं १९८३चं ‘न्सल फीक’ घ्या. पहिल्यांदा फक्त बास ऐका, दुसऱ्यांदा दोघांचे आवाज एकमेकांच्या ओळी कशा उचलतात ते. मग बेल्लमू मसऊदचा ट्रम्पेट : गस्बाची जागा पितळी वाद्याने घेतली की काय होतं ते तिथे कळतं.

शेवटी शेखा रिमिती. १९५२मध्ये तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. साथीला गस्बा आणि गल्लाल, म्हणजे एका तोंडाला कातडं असलेला नळीसारखा ढोल. इथेच बरेच जण गाणं बंद करतात. फोनच्या स्पीकरवर गल्लालचा खर्ज उडतो, गस्बातला श्वास नुसती फूस ऐकू येतो आणि रिमितीचा घोगरा आवाज उघडा पडतो. हेडफोन लावा. स्वरमालिका छोटी आहे, तेच चार-पाच स्वर फिरतात, म्हणून सुरावट शोधू नका, ढोलाचा ठोका आणि शब्दांचा आघात कुठे जुळतो, कुठे मुद्दाम चुकतो ते पकडा. एकदा ते सापडलं की ‘दीदी’ परत लावा : खालिद शब्द मागे खेचतो ती खोड इथूनच आलेली आहे.

हळुवार गाणी हवी असतील तर शेब हसनी. २९ सप्टेंबर १९९४ला ओरानमध्ये त्याची हत्या झाली. त्याच्या गाण्यांत ‘मेहना’ इतक्यांदा येतो, की अलिफ-बे यांनी दिलेला अर्थ हाताशी ठेवूनच ऐका.