डोंगरी नदीवर धरण बांधून चाळीसगावचा पूर थांबणार नाही

रानवाट: काल इथे कपाशीवाला भाऊंनी लिहिलं, "पाटणादेवीजवळ डोंगरी अडवा, पूर कायमचा गेला. बिबट्याची काळजी करणाऱ्यांनी एकदा घरातला गाळ उपसून बघावा." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. पूर आला ३१ ऑगस्ट २०२१ ला. ऑगस्टअखेर भरत आलेल्या धरणात पूर मावणार कुठे? पूर अडवायचा तर धरण रिकामं ठेवावं लागतं, आणि सिंचनाला तेच भरलेलं हवं असतं. तापीवरचं उकाई धरण केवढं मोठं, तरी ऑगस्ट २००६ मध्ये सुरत बुडालीच. इथे तर वर गौताळा आहे, १९८६ पासूनचं अभयारण्य. घळीतली दाट झाडी आधी पाण्याखाली जाईल, उन्हाळ्यात जनावरं तिच्याच सावलीला असतात. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम २९ वाचा, अभयारण्यातलं पाणी वाटेल तसं अडवता येत नाही.

कपाशीवाला: कलमं नका शिकवू भो. त्या पहाटे आमच्या म्हशी दावणीसकट गेल्या. पंचनाम्याला आलेला माणूस म्हणे, मेलेल्या जनावराचा फोटो दाखवा. वाहून गेलेल्या म्हशीचा फोटो कुठून आणू? कन्नड घाटात दरडी कोसळल्या, ते पाणी खाली कोणाच्या घरात शिरलं?

अमळनेरी: धरण धरण करताय, आमचं पाडळसे धरण बघा. दोन दशकं उलटली, अजून अर्धवट. तुमची नातवंडं म्हातारी होतील.

तितूरकाठ: पात्राबद्दल कोणीच का बोलत नाही? डोंगरी आणि तितूर या नद्या गावातच मिळतात. तिथे भराव टाकून पात्र निम्मं केलंय, पुलाच्या मोऱ्या झुडपांनी आणि प्लॅस्टिकने बुजल्यात. नदीने जायचं कुठून?

कपाशीवाला: ताई, पात्रात टपऱ्या गरिबांच्या आहेत. त्यांच्यावरच बुलडोझर का?

तितूरकाठ: टपऱ्यांचं नाव मी घेतलंच नाही! पक्के गाळे कोणाचे आहेत ते गावाला ठाऊक आहे. आमचं दुकान भाड्याचं. छातीएवढं पाणी होतं, कापडाचे तागे चिखलात लडबडले. मालक भाडं मागायला मात्र वेळेवर आला. आणि गरिबांची ढाल पुढे करू नका, मोठ्यांचे गाळे तिच्याचमागे लपतात.

कपाशीवाला: मी कोणाला लपवत नाही. तोंड सांभाळून लिहा.

अमळनेरी: वाळूचंही बोला की. गिरणा नदीतून रात्री ट्रॅक्टर चालतात, काठ ढासळतात.

रानवाट: वाळू महत्त्वाची आहेच, पण आधी पूररेषा. निळी रेषा पंचवीस वर्षांतल्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. त्या जागेवर खुणा रोवून दाखवा आणि निळीच्या आत नवं बांधकाम बंद करा. अभयारण्याबाहेरच्या नाल्यांवर छोटे बांध घाला, त्याला माझा विरोध नाही.

कपाशीवाला: ऑगस्टअखेर धरण भरतं, एवढं तुमचं खरं. बांधांचंही चालेल. पण निळ्या रेषेत ज्यांची घरं आधीच आहेत, त्यांना जागा कुठे देणार ते लिहा. त्याशिवाय माझा पाठिंबा मिळणार नाही.

तितूरकाठ: जागा द्यायलाच हवी, गाळेवाल्यांना मात्र नाही.