कमांड लाईन शिकवताना पाईप पहिल्याच दिवशी दाखवावा का?

आडवाट :
युनिक्स या संगणक-प्रणालीची कमांड लाईन, म्हणजे आज्ञा टंकून काम करण्याची पद्धत, नव्याने शिकणाऱ्यांसाठीचे बहुतेक पाठ ठरलेल्या क्रमाने जातात. आधी पीडब्ल्यूडी (आपण कुठल्या डिरेक्टरीत, म्हणजे फोल्डरमध्ये, आहोत ते पाहणे), एलएस (तिथल्या फाईलींची यादी), सीडी (दुसऱ्या डिरेक्टरीत जाणे), मग सीपी (प्रत काढणे), एमव्ही (हलवणे), आरएम (काढून टाकणे), आणि पाईपचा, म्हणजे एका प्रोग्रॅमचा निकाल थेट दुसऱ्याला देणाऱ्या ‘|’ या उभ्या रेघेचा, विषय निघालाच तर अगदी शेवटी. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. फाईल इकडून तिकडे नेणे किंवा डिरेक्टरी उघडून पाहणे ही कामे शिकणारा माणूस माऊसने आधीपासून करतच असतो. तीच कामे टंकून करायला लावली आणि त्याला ‘हे कशासाठी’ असा प्रश्न पडला, तर त्यात त्याचा दोष नाही.

माऊसने जे सहज होत नाही ते आधी दाखवावे. समजा, एका वाचनालयाच्या वर्षभराच्या देवघेवीची साधी मजकूर-फाईल आहे आणि तिच्या प्रत्येक ओळीत वाचकाने नेलेल्या एका पुस्तकाचे नाव आहे. सर्वाधिक मागणीची दहा पुस्तके शोधायची आहेत. सॉर्टने ओळी क्रमाने लावायच्या, युनिक -सी ने सारख्या ओळींची एक ओळ करून तिच्यापुढे संख्या घालायची, सॉर्ट -आरएन ने मोठ्या संख्या वर आणायच्या आणि हेडने पहिल्या दहा ओळी ठेवायच्या. मध्ये फक्त तीन उभ्या रेघा. यातल्या एकाही प्रोग्रॅमला वाचनालय ठाऊक नाही, तरी उत्तर मिळते. प्रोग्रॅम असे एकमेकांना जोडता यावेत, ही कल्पना बेल लॅब्जमधले डग्लस मॅकइलरॉय यांनी १९६४ मध्येच लिहून ठेवली होती आणि १९७३ मध्ये युनिक्सचे एक निर्माते केन थॉम्पसन यांनी ती युनिक्समध्ये आणली. युनिक्सचा प्राणच जिथे आहे, तिथपर्यंत विद्यार्थी पोहोचण्याआधीच कंटाळून निघून जातो, हे मला फार खटकते.

पायरीपायरीने :
सहमत नाही. आपले उदाहरण देखणे आहे, पण ते सुरळीत चालते कारण प्रत्येक तुकडा कसा वागतो हे आपल्याला आधीच माहीत आहे. युनिक फक्त लागोपाठच्या ओळींची तुलना करते. नवशिक्याने आधीचा सॉर्ट गाळला, तर कोणतीही तक्रार न करता यंत्र चुकीची संख्या दाखवते आणि तो ती खरी मानतो. चूक झाल्याची सूचना येते तिथे तरी माणूस थबकतो. इथे तीही नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. पाईप शिकवला की लगोलग ‘>’ हे निकाल पडद्याऐवजी फाईलमध्ये लिहायला सांगणारे चिन्ह येतेच. विद्यार्थी ‘सॉर्ट यादी > यादी’ असे लिहितो आणि यादी रिकामी होते, कारण सॉर्ट सुरू होण्याआधीच शेलने, म्हणजे टंकलेली आज्ञा वाचून प्रोग्रॅम चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, ती फाईल लिहिण्यासाठी उघडून पुसलेली असते. आपण कुठल्या डिरेक्टरीत आहोत, कोणती फाईल कुठे आहे आणि शेल नेमके काय करते, याची समज नसताना ही हत्यारे हाती देऊ नयेत.

आडवाट :
युनिकबद्दलचा मुद्दा रास्त आहे आणि तो पहिल्या तासातच, सॉर्ट मुद्दाम गाळून, दाखवायला हवा. परंतु धोक्याच्या बाबतीत आपण तुलना उलटी करत आहात. सॉर्ट, युनिक, ग्रेप (हवा तो मजकूर असलेल्या ओळी शोधणारी), हेड या कमांड जशा सुरुवातीला वापरल्या जातात तशा केवळ वाचतात. मूळ फाईलला हात लावत नाहीत. याउलट प्रचलित क्रमात आरएम पहिल्या तासात येते, आणि आरएमने काढलेली फाईल कचरापेटीत जात नाही. ‘सगळी नावे’ असा अर्थ असलेल्या ताऱ्यानंतर चुकून एक मोकळी जागा पडली आणि ‘आरएम * .टीएक्सटी’ असे लिहिले गेले, तर त्या डिरेक्टरीतल्या सगळ्या दृश्य फाईली जातात. सुरक्षितता हाच निकष असेल, तर पाईप आधी आणि आरएम नंतर हेच अधिक सुरक्षित आहे.

अक्षरवेळ :
दोघांनीही मराठी मजकुराचा विचार केलेला दिसत नाही. वाचनालयाची यादी देवनागरीत असणार. ‘मराठी’ हा शब्द ओळ न बदलता बाइट मोजणाऱ्या डब्ल्यूसी -सी ला दिला, तर ती १५ सांगते. देवनागरी ओळखणाऱ्या लोकॅलमध्ये (संगणकाच्या भाषाविषयक मांडणीत) अक्षरचिन्हे मोजणारी डब्ल्यूसी -एम ५ सांगते, कारण काना आणि वेलांटी वेगळ्या मोजल्या जातात. डोळ्यांना मात्र अक्षरे ३ दिसतात. ‘सी’ नावाच्या, भाषेचे नियम न पाहणाऱ्या लोकॅलमध्ये सॉर्ट केले, तर ‘ळ’ हा ‘ह’नंतर न येता ‘ल’च्या मागोमाग येतो. मोजणीला त्याने बाधा येत नाही, कारण सारख्या ओळी शेजारी आल्या की पुरते. पण ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ एकाने एका सांकेतिक अंकाने आणि दुसऱ्याने ‘र’ अधिक नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) असा साठवला असेल, तर पडद्यावर तंतोतंत सारखी दिसणारी दोन नावे युनिक वेगळी मोजते. मराठी विद्यार्थ्याला इंग्रजी नावांच्या आयत्या यादीवर शिकवले, तर हे त्याला प्रत्यक्ष कामात अवचित भेटते. म्हणून पाईप पहिल्या दिवशी दाखवावा असे मीही म्हणेन, मात्र त्याच्या स्वतःच्या भाषेतल्या मजकुरावर.

पायरीपायरीने :
आरएम पुढे ढकलण्याचे म्हणणे मला मान्य आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरीही पाईपच्या आधी अर्धा तास मी मागणारच. नवशिक्या ‘सॉर्ट’ एवढेच लिहून एंटर दाबतो, फाईलचे नाव विसरतो, आणि पडदा स्तब्ध राहतो. प्रोग्रॅम कीबोर्डवरून मजकूर येण्याची वाट पाहत असतो, विद्यार्थ्याला मात्र यंत्र अडकले असे वाटते आणि तो खिडकीच बंद करतो. कंट्रोल-डी ने मजकूर संपला असे सांगता येते, कंट्रोल-सी ने प्रोग्रॅम थांबवता येतो, हे त्याला तोवर कुणी सांगितलेले नसते. पीडब्ल्यूडी, एलएस, या दोन कळजोड्या आणि ‘मॅन युनिक’ने युनिकची माहिती उघडून ‘क्यू’ने बाहेर पडणे, एवढे त्या अर्ध्या तासात बसते. त्यानंतर आपली वाचनालयाची यादी खुशाल आणावी, आणि ती देवनागरीतच असावी.