न्यूमोनियाची लस: एकदाच की दर पाच वर्षांनी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

बाबांसाठी विचारतेय. वय ७२, मधुमेह जुना, आणि सिगारेटच्या कृपेने सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट, दम लागणारा आजार). २०१९ साली न्यूमोनियाची लस घेतली होती. आता पुन्हा घ्यायची का म्हणून चौकशी केली, तर नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "पासष्टीनंतर घेतलीय ना, मग झालं, परत लागत नाही." छातीचे डॉक्टर म्हणाले, "नवी आली आहे, ती एकदा घेऊन टाका." आणि लस टोचणाऱ्या सिस्टरांच्या मते दर पाच वर्षांनी घ्यायचीच असते. तिघंही अगदी ठाम. बाबांना सुई टाळायला निमित्तच हवं असतं, त्यांनी लगेच पहिल्या मताला अनुमोदन देऊन टाकलं.

तर नक्की किती वर्षांनी घ्यायची? आधीची एक आणि आताची दुसरी असं चालतं का? फ्लूची लस द्यायचीच आहे, दोन्ही एकाच दिवशी घेतल्या तर? कृपया "डॉक्टरांना विचारा" म्हणू नका, विचारून झालंय. :)

रानजाई_२२:
फ्लूसारखी दरवर्षी घ्यायची असते ना ही? आम्ही सासऱ्यांना फ्लूची दरवर्षी देतो.

उंबरठा:
नाही, दरवर्षी नाही. फ्लूचा विषाणू सारखा रूप बदलतो, म्हणून ती लस दरवर्षी नवी येते. ही लस न्यूमोकॉकस नावाच्या जिवाणूवर आहे, तिचं गणित वेगळं.

मी लसीकरणाच्या कामात आहे, म्हणून आधी एकच विचारतो. ताई, २०१९ ला कोणती लस दिली होती? "न्यूमोनियाची लस" या एका नावाखाली दोन जातींच्या लसी येतात. कार्ड काढून नाव बघा, त्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

धागाकर्ती:
सापडलं कार्ड! बाटलीवरचा स्टिकर चिकटवलाय, कडा उडाल्यात, पण "न्यूमोव्हॅक्स २३" वाचता येतंय.

उंबरठा:
मग तुमच्या तिन्ही सल्लागारांचं कोडं सुटलं. प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर असू शकतो.

या जिवाणूभोवती साखरेच्या रेणूंचं आवरण असतं आणि त्यावरून त्याचे शंभराच्या आसपास प्रकार पडतात. बाबांनी घेतलेल्या लसीत त्यातल्या २३ प्रकारांची नुसती आवरणं असतात. ही जुनी लस, १९८३ पासूनची. तिने प्रतिपिंडं तयार होतात, पण शरीराला ती ओळख पक्की लक्षात राहत नाही आणि काही वर्षांत संरक्षण ओसरतं. "पाच वर्षं" हा आकडा या लसीचा आहे. तरीही ती सरसकट सगळ्यांना दर पाच वर्षांनी देत नाहीत, कारण पुन्हा पुन्हा टोचल्यावर शरीर तितक्याच जोमाने प्रतिसाद देईल याची खात्री नसते. ब्रिटनमध्ये अनेक वर्षं रिवाज असा होता की ६५ व्या वर्षी एकदाच, आणि दर पाच वर्षांनी फक्त प्लीहा काढलेल्या किंवा काम न करणाऱ्या आणि मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्या लोकांना.

दुसरी जात कॉन्ज्युगेट. यात तीच आवरणं एका प्रथिनाला जोडलेली असतात, त्यामुळे प्रतिकारशक्तीची स्मृती तयार होते. प्रेव्हनार १३ ही त्यातली. २०२१ मध्ये अमेरिकेत १५ आणि २० प्रकारांच्या, २०२४ मध्ये २१ प्रकारांची आली. तिथल्या सीडीसीचा (सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा) सल्ला सोपा आहे: आधी फक्त २३ वाली घेतली असेल तर तिला किमान एक वर्ष झाल्यावर २० किंवा २१ वालीचा एक डोस, आणि काम संपलं. पुढचा बूस्टर सध्या सांगितलेला नाही. १५ वालीही चालते. छातीच्या डॉक्टरांना बहुधा हेच म्हणायचं असावं, आणि सीओपीडी व मधुमेह दोन्ही असताना माझंही मत त्यांच्याच बाजूने.

कुठल्या देशात कोणती मिळते आणि नियम काय, यात फरक पडतो. म्हणून त्यांना "लस घेऊ का" असं न विचारता "२०१९ ला २३ वाली झालीय, आता कोणती?" असं विचारा. उत्तरात लसीचं नाव आलं पाहिजे.

फ्लूची त्याच दिवशी चालते, एक या दंडात, दुसरी त्या. दंड दुखेल, थोडी कणकण येईल, एक-दोन दिवसांत जाईल. आधीच्या डोसला जोरदार ॲलर्जी आली होती का, तेवढं मात्र आठवा.

पानगळ:
थोडं वेगळं मत. माझ्या काकांनी लस घेतली, तरी न्यूमोनिया झालाच. मग उपयोग काय?

उंबरठा:
न्यूमोनिया विषाणूंनी होतो, इतर जिवाणूंनीही होतो. त्या सगळ्यांवर ही लस नाही, त्यामुळे "न्यूमोनियाची लस" हे नाव जरा जास्तच आश्वासन देतं. नेदरलँड्समध्ये ६५ च्या पुढच्या सुमारे ८४ हजार लोकांवर १३ वाली तपासली गेली, निष्कर्ष २०१५ मध्ये आले. लसीत असलेल्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया साधारण ४५ टक्क्यांनी घटला आणि याच प्रकारांचा रक्तात वगैरे पसरणारा आजार ७५ टक्क्यांनी. म्हातारपणी असा पसरलेला आजार जास्त जीवघेणा ठरतो. मला तरी हा सौदा वाईट वाटत नाही.

रानजाई_२२:
आणि नुकताच न्यूमोनिया होऊन गेलेला असेल तर? अंगात प्रतिकारशक्ती आलीच असेल ना?

उंबरठा:
आली तरी त्या एका प्रकारापुरती, तेही तो न्यूमोकॉकसच असेल तर. बाकीचे प्रकार आहेतच की. ताप उतरून माणूस नीट सावरला की घ्यावी.

धागाकर्ती:
उंबरठा, खूप आभार. कार्डाचा फोटो छातीच्या डॉक्टरांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: २० वाली, एकच डोस, फ्लूबरोबर चालेल. बाबा आता विचारताहेत की दोन्ही सुया एकाच दंडात का नाही, दुसरा तरी शाबूत राहील!