‘ओरिएंटेशन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: इमारतीचा आराखडा, कॉलेजचा पहिला दिवस आणि प्रिंटरची सेटिंग, तिन्ही मजकुरांत ‘ओरिएंटेशन’ आहे. सगळीकडे ‘अभिमुखता’ चालेल का?

उत्तर: नाही. तोंड कोणाचं आणि कशाकडे, हे आधी पाहा. इमारतीला दर्शनी बाजू असते, म्हणून ‘पूर्वाभिमुख’, ‘दक्षिणमुखी’. बोलताना ‘घराचं तोंड कुठे?’ एवढंच पुरतं. भिंतीला, रस्त्याला तोंड नसतं, तिथे ‘रोख’. पान ‘उभं’ किंवा ‘आडवं’. आडव्या पानाच्या दोन्ही बाजू पुस्तकासारख्या छापायच्या असतील तर ‘छोट्या कडेवर उलटा’ निवडा, नाहीतर मागचा मजकूर उलटा येतो.

कॉलेजच्या नव्या मुलांसाठी ‘परिचयवर्ग’. ‘उद्बोधन वर्ग’ हा प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी रूढ आहे, तो मुलांना लावू नये.

जोड: ‘सेक्शुअल ओरिएंटेशन’ राहिलं, त्याला ‘लैंगिक कल’. तिथे ‘आवड’ मुळीच नको, कारण त्यातून माणसाने ते ठरवून निवडलं असा अर्थ निघतो. पारिभाषिक लेखनात ‘लैंगिक अभिमुखता’ योग्यच.

व्युत्पत्तीबद्दल: लॅटिन ‘ओरियन्स’ म्हणजे उगवणारा, त्यावरून पूर्व दिशा. म्हणजे मूळ कल्पना उगवतीकडे तोंड करण्याची. आपल्या दिशांची नावंही त्याच पवित्र्यातून आली आहेत, आणि हे फार सुंदर आहे: ‘पूर्व’ म्हणजे पुढची, ‘पश्चिम’ मागची, ‘दक्षिण’ उजवी. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला राहतो, तोही याच ‘दक्षिण’मुळे.

‘रोख’बद्दल: कोल्हापूरची अंबाबाई पश्चिमाभिमुख आहे. पण किरणोत्सवात (मावळतीची किरणं देवळात मूर्तीपर्यंत पोचतात ते दिवस), जानेवारीअखेर आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सूर्य ठीक पश्चिमेला नव्हे, तिच्या सुमारे 18 अंश दक्षिणेला मावळतो. दोन्ही वेळी मावळतीची जागा जवळपास तीच, म्हणून वर्षातून दोनदा किरणं आत येतात. वाटेत एखादं बांधकाम आडवं आलं की ती अडतात. इथे ‘पश्चिमाभिमुख’ने काम भागत नाही, ‘किरणांचा रोख’ असंच म्हणावं लागतं.

आणखी एक: गिर्यारोहणात ‘नकाशा ओरिएंट करा’ म्हणतात. ‘नकाशा दिशेला लावा’ म्हणा. नकाशा सपाट ठेवा, होकायंत्राची कड त्याच्या उत्तररेषेवर टेकवा, आणि सुई रेषेला समांतर होऊन तिचं उत्तर टोक नकाशाच्या उत्तरेकडे येईपर्यंत दोन्ही एकत्र फिरवा. मोबाइल किंवा लोखंडी वस्तू जवळ असेल तर सुई ढळते. महाराष्ट्रात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेत एका अंशाहूनही कमी फरक आहे, त्यामुळे पायी भटकंतीत वेगळी दुरुस्ती लागत नाही.