कल्पित भाषेतले ध्वनिबदल: क्रम कुठे चुकतोय?

अर्धमात्रा:
मूळ भाषेतून आजची भाषा काढायला हे नियम याच क्रमाने लावलेत: (१) शेवटचा ऱ्हस्व स्वर गळतो, (२) द्वित्त (त्त, प्प असं दुहेरी व्यंजन) एकेरी होतं, (३) दोन स्वरांमधल्या क-त-प चे ग-द-ब होतात, (४) इ च्या आधी स चा श होतो. पण 'मता' (नदी) आणि 'मत्ता' (भाऊ) दोन्हींचं 'मदा' होतंय. 'लुस' (पक्षी) चं अनेकवचन 'लुसि', तेही 'लुस'च उरतं. नियम बदलू का?

दंत्य_च:
नियम राहू द्या, क्रम ३, २, ४, १ असा करा. आधी 'मता'चं 'मदा' होऊ दे, मग 'मत्ता'चं 'मता'. तोवर तिसऱ्या नियमाचा काळ सरलेला असतो, म्हणून हा नवा त वाचतो.
मराठीत हेच झालंय. 'शत'मधला एकटा त प्राकृतातच गळला, 'दोनशे'त त्याचा मागमूस नाही. 'सप्त'चं मात्र 'सत्त' झालं. द्वित्त सुटेपर्यंत गळती थांबली होती, म्हणून 'सात'मधला त शाबूत. तिथे आधीचा स्वर दीर्घही झाला. तेही उचलता येईल, फक्त तुमच्या भावाची 'माता' होईल!
'लुसि'चं आता लुशि > लुश. 'मासा'चं 'माशाला' होतं, त्यात स चा श करून गळून गेलेला य तरी आज कुठे ऐकू येतो?

रेफ:
एक्सेलमध्ये दर नियमाला एक रकाना ठेवा. देवनागरीत फाइंड-रिप्लेस नको: 'मता'तला पहिला अ लिहिलेलाच नसतो, मग 'दोन स्वरांमध्ये' ही अट जुळणार कशी? रोमन घ्या, पण थ ला एकच चिन्ह द्या. टी-एच लिहिलंत तर सरसकट टी चा डी करताना थ चाही ध होऊन बसतो.
बहीणभाषा (त्याच मूळ भाषेतून निघालेली दुसरी भाषा) हवी असेल तर तिसरा नियम तिच्यात एक पायरी पुढे न्या. 'गत'चं शौरसेनी प्राकृतात 'गद', महाराष्ट्री प्राकृतात थेट 'गअ'.

अर्धमात्रा:
जमलं. पण 'नप'चं अनेकवचन आता नपि > नबि > नब. हा घोळ तर नाही?

दंत्य_च:
घोळ कसला, कमाई आहे. स-श, प-ब याच तुमच्या अनेकवचनाच्या खुणा. अडचण म-ल वर संपणाऱ्या शब्दांची, तिथे दोन्ही वचनं सारखीच उरतील. त्यांना 'लोक' अर्थाचा एखादा शब्द चिकटवा, आपण 'मास्तरलोक' म्हणतो तसा.