रोमांच्या संहाराला २ ऑगस्ट हा वेगळा स्मृतिदिन हवा का?

नदीकाठ:
रोमा म्हणजे युरोपात ज्यांना 'जिप्सी' म्हणत तो समाज; सिंती हा त्यांच्यातलाच, जर्मनीकडचा गट. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री नाझींच्या ऑशविट्झ-बिर्केनाउ या छळछावणीतली रोमा आणि सिंती कुटुंबांची छावणी रिकामी करण्यात आली. धडधाकट लोकांना आधीच दुसऱ्या छावण्यांत मजुरीला पाठवलं होतं. मागे उरल्या होत्या त्या बायका, पोरं, म्हातारी आणि आजारी माणसं, चार हजारांहून जास्त. त्या सगळ्यांना गॅस चेंबरमध्ये मारलं. युरोपीय संसदेने २०१५ साली हाच दिवस रोमा संहाराचा स्मृतिदिन म्हणून मान्य केला. एकूण किती रोमा मारले गेले याचे अंदाज दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत आहेत. अनेकांना रानात, गावाबाहेर गोळ्या घातल्या, त्यांची नोंद कुठेच नाही.

२७ जानेवारीच्या होलोकॉस्ट दिनात, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या स्मृतिदिनात, हे मिसळून टाकू नये, वेगळा दिवस हवाच, असं माझं ठाम मत आहे. तुमचं?

कातळ:
मला पटत नाही. २७ जानेवारी ही ऑशविट्झच्या मुक्ततेची तारीख आहे, ती कुणा एका समाजाची नाही. छावणी तीच, मारणारे तेच. मग मेलेल्यांची वाटणी आपण का करायची? आपापला दिवस ठरला की बाकीचे त्या दिवशी फिरकत नाहीत. रोमांचं दुःख रोमांनीच पाळायचं, असं होऊन बसेल. एकाच दिवशी सगळ्यांची नावं घ्या.

राईनतीर:
कातळ, नावं घेतली गेली नाहीत, हेच तर दुखणं आहे. मी जर्मनीत राहते. इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जानेवारी १९५६ मध्ये निकाल दिला होता, की १९४० साली रोमांना पोलंडला हद्दपार केलं ते वंशामुळे नव्हे, त्यांच्या 'असामाजिक' वागण्यामुळे. या निकालाच्या आधाराने भरपाईचे दावे फेटाळले गेले. युद्ध संपून दहा वर्षं उलटून गेली होती. रोमांचा वंशसंहार झाला हे जर्मन सरकारने अधिकृतपणे मान्य केलं १९८२ साली, चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांच्या तोंडून. तेही कधी, तर १९८० च्या ईस्टरला काही सिंती लोक डाखाउच्या छावणीच्या जागी उपोषणाला बसले, त्यानंतर.

मुल्फिंगेन नावाच्या गावात एक कॅथलिक अनाथाश्रम होता. आईवडिलांना छावण्यांत धाडलेली सिंती मुलं तिथे ठेवली होती. एफा युस्टिन नावाची संशोधिका तिथे येई, मुलांना खेळ देई, मणी ओवायला देई, त्यांचं वागणं टिपून घेई. या मुलांवर तिने डॉक्टरेट मिळवली. अभ्यास होईपर्यंत मुलांना हात लावला नव्हता. तो संपल्यावर मे १९४४ मध्ये चाळीसेक मुलांना ऑशविट्झला नेलं. वाचली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. युस्टिनला पुढे फ्रांकफुर्टच्या महापालिकेत नोकरी मिळाली. तिच्यावर चौकशी बसली आणि ती बंदही झाली.

हे सगळं २७ जानेवारीच्या भाषणातल्या 'आणि इतर बळी' या दोन-तीन शब्दांत मावतं का? मला ते 'इतर' ऐकवत नाही.

सह्यगिरी:
माझा मुद्दा थोडा वेगळा. रोमा मूळचे आपले, हजारएक वर्षांपूर्वी भारतातून गेलेले. भाषाही आपल्याच कुळातली. मग २ ऑगस्ट भारत सरकारनेच का पाळू नये? आपली माणसं मारली गेली आणि आपल्या पाठ्यपुस्तकात एक ओळ नाही.

राईनतीर:
पाठ्यपुस्तकाबद्दल सहमत. 'आपली माणसं' याला मात्र माझा विरोध आहे. रॉबर्ट रिटर या नाझी वंशसंशोधकाच्या कचेरीने जवळपास चोवीस हजार लोकांची कुळं तपासून कोण 'शुद्ध', कोण 'मिश्र' हे ठरवलं. मूळ शोधणं हीच मारण्याची तयारी होती. योहान ट्रोलमान हा सिंती मुष्टियोद्धा १९३३ च्या जूनमध्ये जर्मनीचा विजेता झाला आणि काही दिवसांत त्याचा किताब काढून घेतला, कारण तो जर्मन नाही म्हणे. १९४४ मध्ये छावणीत त्याचा खून झाला. त्याला आता आपण भारतीय म्हणायचं? सिंती या देशात पंधराव्या शतकापासून आहेत आणि 'आम्ही इथलेच' एवढंच त्यांचं म्हणणं आहे.

सह्यगिरी:
पण १९७१ साली लंडनजवळ पहिली जागतिक रोमा परिषद भरली, तिथे रोमांनीच झेंड्यावर चक्र घेतलं. नातं त्यांनीही सांगितलंय. नातं सांगणं म्हणजे मालकी सांगणं नव्हे.

माळरान:
नातं सांगायचंच तर दुसरं सांगा. म्युनिकच्या पोलिसांनी १८९९ सालीच 'जिप्सीं'ची मध्यवर्ती नोंदणी सुरू केली होती. हिटलरला याद्या आयत्या मिळाल्या. आपल्याकडे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. पारधी, कैकाडी जन्मतःच गुन्हेगार, पोलिसांत हजेरी, सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत. १९५२ पर्यंत हा कायदा होता. आमच्या आज्याने ती हजेरी दिलेली आहे. २ ऑगस्टबद्दल वाचताना मला सिंधू नदी आठवत नाही, ती हजेरी आठवते.

कातळ:
माळरान, याद्यांबद्दल मान्य. पण हजेरी आणि गॅस चेंबर एका ओळीत नकोत, दोन्हींवर अन्याय होतो.

मूळ मुद्द्यावर येतो. दिवसापेक्षा जागा जपा. चेक प्रजासत्ताकात लेती इथे नाझी काळात रोमांची छावणी होती. तीनशेहून जास्त माणसं तिथेच मेली, त्यांत लहान मुलं खूप, आणि पाचशेहून अधिक ऑशविट्झला गेली. १९७० च्या दशकात त्या जागेवर डुकरांचा कारखानाच उभा केला, हजारो डुकरांचा. सरकारने तो विकत घेतला, २०२२ साली पाडायला घेतला आणि २०२४ मध्ये तिथे स्मारक झालं. हे काम कुठल्याही भाषणापेक्षा मोठं आहे.

नदीकाठ:
आणि तो कारखाना हलला कशामुळे? १९९५ च्या १३ मेला चेक राष्ट्राध्यक्ष हावेल यांनी जवळच एक छोटं स्मारक उभं केलं, आणि त्यानंतर दर वर्षी मेमध्ये लोक डुकरांच्या वासात तिथे उभे राहत आले. वीस-बावीस वर्षं. तारीख होती म्हणून माणसं जमली.

कातळ:
ती मेमधली तारीख लेतीच्या लोकांची होती. ब्रसेल्समध्ये ठरवलेली नव्हती.

नदीकाठ:
२ ऑगस्टही ब्रसेल्सने ठरवलेली नाही. संसदेने मान्यता देण्याआधी कितीतरी वर्षं, वाचलेली माणसं आणि त्यांची मुलंबाळं त्या तारखेला बिर्केनाउला जात होती.